न पाहता आलेला होकार

फोन आला तेव्हा मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते. लेक कामावरून दुपारी कधी फोन करत नाही, म्हणून आधी काही वाईट घडलं की काय असं वाटलं. तिच्या मागे मशीनचा आवाज घुमत होता आणि त्यावरून ती ओरडून सांगत होती, "माय, माझी मुलाखत माफ झाली! पुण्याच्या कॉलेजची! संध्याकाळी येऊन सांगते."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी सूप बाजूला ठेवलं आणि तशीच बसून राहिले. 

लेक धरणगावला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसात तीन वर्षं काम करते. शेतकऱ्यांच्या गाड्या येतात, कापसाचं वजन होतं, प्रत ठरते, पावती निघते. ते सगळं ती बघते. तिला पुढे एमबीए करायचं होतं. त्याची परीक्षा तिने कामावर जाता-येता एसटीत पुस्तक वाचून दिली, मार्क चांगले पडले आणि पुण्याच्या एका कॉलेजला तिने अर्ज केला. परीक्षेनंतर मुलाखत असते आणि तिथे चार मोठी माणसं समोर बसून प्रश्न विचारतात, असं तिने मला सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्यापेक्षा माझीच झोप उडाली होती. कारण लेक या बाबतीत माझ्यावर गेली आहे. घरात बोलते, हसते, बापाची नक्कलही करते. पण परकं माणूस दिसलं की गप्प. शाळेत बाई म्हणायच्या, पेपरात लिहिते पण तोंडाने सांगत नाही. ते ऐकून मी मान खाली घालायची, जशी माझीच तक्रार चालली आहे.

आणि आता मुलाखतच माफ. मला वाटलं, काम झालं.

तसं वाटायला कारण होतं. माझं लग्न असंच ठरलं होतं. माहेर भडगावकडे, गिरणेच्या काठाला. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून मी चौथीच शिकले आणि मग घरकामाला लागले. लग्नाचं वय झालं तसं मला एकाच गोष्टीचं भय वाटायचं. ते म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला नऊ माणसं आली होती. चहाचा ट्रे घेऊन ती आली तेव्हा कपबशा वाजत होत्या. एकाने नाव विचारलं, दुसऱ्याने स्वयंपाकाचं विचारलं आणि एक म्हातारा म्हणाला, जरा चालून दाखव पोरी. मी दाराआडून बघत होते. रडले मात्र मी, ती नाही रडली.

माझ्या वेळी कोणीच आलं नाही. मामा निरोप घेऊन आले की धरणगावकडचं घर आहे, ते म्हणतात मुलगी बघायची गरज नाही, आमच्याकडून होकार समजा. घरात सगळे खूश झाले. सगळ्यांत जास्त मीच. ट्रे धरायचा नाही, चालून दाखवायचं नाही. आठ दिवसांत साखरपुड्याचा नारळ देऊन गेले. बघायची गरज नाही म्हणजे होकार, हे मला तेव्हा जे कळलं ते तसंच डोक्यात बसलेलं होतं.

हे शेतातून आले तशी मी सांगितलं. यांनाही दुसरं काही सुचलं नाही, कारण ते लग्न यांचंही होतं. यांनी मोटरसायकल काढली आणि तासाभरात दोन किलो पेढे घेऊन आले. मी म्हटलं, पोरगी येऊ द्या. तर म्हणाले, "ती येई तवलोंग गावले माहीत पडाले पाहिजे." आणि निघाले भाऊबंदांत वाटायला.

आमच्या शेजारी एक अक्का राहते. सत्तरीची आहे, एकटी आहे, आणि गावात कोणाची म्हैस व्याली हे म्हशीच्या मालकाआधी तिला कळतं. ती पेढा हातात घेऊन आमच्या ओट्यावर आली.

"कसाना पेढा शेतस वं?"

"पोरीला पुण्याच्या कॉलेजात घेतलं," मी म्हटलं.

"देखं का त्यास्नी तिले?"

"नाही. बघायची गरज नाही म्हणाले."

अक्काने पेढा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाली, "मंग चांगलं शे. नहीतं तुन्ही पोर तोंड उघडती नही, आणि त्यास्ना चहा थंडा व्हयी जाता." आणि आपणच हसत सुटली. मीही हसले. त्या दिवशी मला कशाचाच राग येत नव्हता.

लेक संध्याकाळच्या गाडीने आली. स्टँडपासून घरापर्यंत तिला पाच जणांनी अडवून शाबासकी दिली. घरी आली तर तिचा चेहरा पांढरा पडलेला. बॅग खुंटीला लावली, पाणी प्यायली आणि मला आत बोलावून म्हणाली, "माय, तुम्ही हे काय केलं? अजून काहीच झालेलं नाही."

तिने मोबाइलवरचं पत्र मला वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं, ती मराठीत सांगत गेली. तुमच्या अर्जासाठी मुलाखत माफ करण्यात आली आहे. प्रवेशाचा निर्णय तुमच्या कागदपत्रांवरून घेतला जाईल. आणि खाली आणखी एक ओळ होती, की तुम्हाला मुलाखत द्यावी असं वाटत असेल तर दहा दिवसांत कळवा.

"मग माफ म्हणजे होकार नाही?"

"नाही. माफ म्हणजे माफ. होकारही येईल, नकारही येईल."

हे दारात उभे राहून ऐकत होते. डब्यात उरलेले चार पेढे त्यांच्या हातात होते. त्यांनी डबा हळूच फळीवर ठेवला.

पहिले दोन-तीन दिवस घरात त्यावर कोणी बोललं नाही. बाहेर मात्र सगळं गाव बोलत होतं. एक जण विचारायला आला की माझ्या पोराचं पण तिथे जमेल का. यांनी गंभीरपणे सांगितलं की अभ्यास पाहिजे. मी आतून ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. हसावं की रडावं कळेना.

चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "माय, मला वाटतं मी मुलाखत मागावी."

माझ्या तोंडून ताबडतोब निघालं, "नको."

"का नको?"

मी म्हटलं, त्यांनी आपणहून सोडलं आहे ते आपण कशाला मागून घ्यायचं? तुला बोलता येणार नाही, घाबरशील, असलेलंही जाईल. आणि गावात काय सांगायचं? पेढे वाटले आणि आता मुलाखतीला निघाली? हे सगळं मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण तेही नव्हतं. ते मी तिला सांगितलं नाही.

तिने त्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला. माझ्यासमोरच लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक बाई होती, मराठीतच बोलली. लेकीने विचारलं, मुलाखत माफ झाली म्हणजे चांगलं की वाईट? ती बाई म्हणाली, "चांगलं-वाईट असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की समितीला तुमचे कागद पुरेसे वाटतात. त्यांना तुम्हाला विचारायचं काही नाही."

लेक म्हणाली, "आणि मला सांगायचं असेल तर?"

"तर मागा," ती बाई म्हणाली. "मागितली म्हणून कोणी रागावत नाही. पण एकदा दिली की तीही धरली जाते. चांगली गेली तर फायदा, बिघडली तर तेही लिहिलं जातं."

फोन ठेवल्यावर लेकीने मला तिच्या जिनिंगमधली गोष्ट सांगितली. कापसाची गाडी आली की ग्रेडर वरचा कापूस बघत नाही. वर सगळेच चांगला घालतात. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, मधली मूठ ओढून काढतो, ओला आहे का, पिवळा आहे का, पानकचरा किती आहे ते बघतो आणि मग प्रत सांगतो. पण काही गाड्यांत तो हात घालतच नाही.

"कोणत्या?" मी विचारलं.

"दोन प्रकारच्या. एक, ज्या शेतकऱ्याचा माल त्याला दरवर्षीचा माहीत आहे. सरळ काट्यावर जा म्हणतो. आणि दुसरी, जी बघताच त्याने ठरवलेलं असतं की ही खालच्या प्रतीची. तिच्यात हात घालून तो आपला वेळ दवडत नाही. बाजूला उभ्या माणसाला दोन्ही गाड्यांचं सारखंच दिसतं माय. दोघांनाही तो म्हणतो, जा पुढे."

"मग तुझी कोणती?"

"तेच तर माहीत नाही. आणि माझ्या गाडीच्या मध्ये काय आहे हे त्यांना माहीत नाही. माझ्या कागदावर एक वर्ष कोरं आहे ना."

ते वर्ष तिने नाव घेऊन सांगायची गरज नव्हती. तेच तर माझं खरं कारण होतं.

ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा मी गोठ्यात पाय घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि मी सहा महिने खाटेवर होते. पुढचे कितीतरी दिवस काठीवर. घरात दुसरी बाई नव्हती. लेकीने कॉलेज सोडलं आणि घरी बसली. स्वयंपाक, गुरं, कापसाची वेचणी आणि मी. माझं सगळं. अंघोळ, लुगडं बदलणं, खाटेवरचं भांडं. ज्या बाईने लग्नात सासरच्यांसमोर चेहरा वर केला नाही तिला अठरा-एकोणीस वर्षांची पोर लहान लेकरासारखं पुसून काढत होती. मी भिंतीकडे तोंड करून पडायची. ती सारखं काहीतरी बोलत राहायची, आज किती बोंडं फुटली, कोणती शेळी कुठे गेली, म्हणजे मला लाज वाटू नये.

अर्जात शिक्षणाचे रकाने होते आणि नोकरीचे रकाने होते. त्या वर्षी ना शिक्षण होतं ना नोकरी, म्हणून तिने ते कोरं सोडलं. मुलाखत झाली तर पहिला प्रश्न तोच येणार होता. आणि मग ती चार परक्या पुरुषांना माझ्या खाटेची गोष्ट सांगणार. मला ते नको होतं. तिचं पुण्याचं शिक्षण एकीकडे आणि माझी लाज एकीकडे, आणि मी आई असून लाजेच्या बाजूला उभी होते. तिला म्हणत होते की तू घाबरशील.

चार दिवसांनी मी गच्चीवर बिबडे घालत होते. आमच्याकडे उन्हाळा लागला की ज्वारीचे बिबडे करतात, पापडांसारखेच, पळीपळीने पीठ ओल्या फडक्यावर पसरायचं. हे मला फडकं धरू लागायला वर आले होते. हात कामात असले की मला बोलायला सोपं जातं. मी विचारलं, "मला का नाही बघायला आले तुम्ही?"

"कव्हय?"

"लग्नाआधी. सगळ्यांना बघतात, मला का नाही बघितलं?"

इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. कधी वाटायचं माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली असेल. कधी वाटायचं त्यांना कशीही चालणार होती. दोन्ही मी मनातच ठेवलं होतं.

हे हसले. म्हणाले, "आबा देखी उनथात ना."

आबा म्हणजे माझे सासरे, ते बघून आले होते म्हणे. आता नाहीत.

"मला?"

"तुले नही. तुना बापना बैल." मग यांनी सगळं सांगितलं. आबा बियाणं घ्यायला आमच्या गावाकडे गेले होते. तिथे त्यांनी आमच्या दारातले बैल बघितले. अंगावर एक गोचीड नाही, शिंगं घासलेली, दावणीखाली शेण नाही. घरी येऊन म्हणाले, ज्याच्या घरची जनावरं इतकी नीट त्याच्या घरची पोर नीटच असणार, बघायची गरज नाही.

मी पळी हातात घेऊन उभीच राहिले. "म्हणजे मला बैलांवरून पसंत केलं?"

"बैल भलता चांगला व्हतात," हे अगदी मनापासून म्हणाले.

मला इतकं हसू आलं की फडक्यावरचा एक बिबडा वाकडा झाला. हे पण हसायला लागले. पण हसून झाल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली. ते बैल घासायचे, शेण काढायचं काम माझंच होतं. म्हणजे आबांनी जे बघितलं ते माझंच होतं, पण मी त्यात कुठे नव्हते. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? बहुतेक नसतं. मान खाली घालून उभी राहिले असते. तरी विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आणि दुसरं म्हणजे, त्यांनी मला बघितलं नाही म्हणून मीही त्यांना बघितलं नाही. सुटले, सुटले म्हणून मी नाचत होते, पण माझा प्रश्नही सुटून गेला.

मी म्हटलं, "तुम्ही आले असते तर मी एक विचारलं असतं."

"काय?"

"गावात पाणी कुठून आणावं लागतं ते."

यांचं हसू थांबलं. नळ येईपर्यंत अकरा वर्षं मी नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणलं आहे. पोटात लेक असतानाही आणलं. यांना ते माहीत आहे. ते फडक्याचं टोक नीट धरून उभे राहिले.

त्या संध्याकाळी लेक आली तेव्हा मी चहा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "माग मुलाखत."

"गावात काय सांगशील?"

"अक्काला सांगेन. मग गावाला वेगळं सांगायची गरज नाही."

"आणि ते वर्ष विचारलं तर?"

"सांग," मी म्हटलं. "जे झालं ते सगळं सांग. मला चालेल."

 तिला माझं खरं कारण पहिल्यापासून माहीत होतं असं मला वाटतं. तिने लगेच पत्र पाठवलं. दोन दिवस शिल्लक होते.

कॉलेजने पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. मोबाइलवर समोरासमोर बोलायचं होतं, पुण्याला जायचं नव्हतं. लेक म्हणाली, माय, माझा सराव घे. मी म्हटलं, मला काय येतं? तर म्हणाली, तुला काही यायला नको, फक्त समोर बस आणि प्रश्न विचार. तिने घरातली प्लास्टिकची खुर्ची भिंतीला लावली. त्या खुर्चीवर पाहुणे बसतात. मी खाली बसायला लागले तर म्हणाली, "खाली नाही. ते वर असतात."

मग मी खुर्चीवर बसले. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. लेक समोर स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. मला प्रश्नच सुचेना. शेवटी मी म्हटलं, "नाव काय तुझं?"

दोघींना हसू फुटलं. अक्का तेवढ्यात भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "काय वं, पोरले देखाले उनी का तू? चाली देखाडाले सांग तिले!"

पण तीन-चार संध्याकाळी बसल्यावर मला जमायला लागलं. तिने प्रश्न कागदावर लिहून दिले होते, ते मी एकेक वाचायची. एमबीए का करायचं आहे? जिनिंगमध्ये काय शिकलात? ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मग मराठीत. इंग्रजी बरोबर की चूक ते मला कळत नव्हतं, पण ती कुठे अडखळते ते कळायचं. तिथे मी म्हणायची, हे परत. कागदावर एक प्रश्न नव्हता. तो तिने लिहिला नव्हता. चौथ्या दिवशी मी कागद बाजूला ठेवला आणि विचारला.

"त्या वर्षी काय करत होतीस?"

तिने सांगितलं. आई पडली होती, मी घरी होते, तिचं सगळं मी करत होते. एवढं तिने थोडक्यात सांगितलं आणि मला ते ऐकता आलं. खाली बघावंसं वाटलं, पण मी खुर्चीवर होते, म्हणून तिच्याकडेच बघत राहिले. मग ती पुढचं सांगायला लागली, आणि ते मला माहीतच नव्हतं. त्या वर्षी आमचा कापूस घेऊन तीच बापाबरोबर जिनिंगला जायची. ग्रेडरने मधली मूठ ओढून आमची प्रत खाली धरली. सगळी गाडी खराब नव्हती, दोन गाठोडी ओली होती. तिने घरी येऊन कापूस निवडायला सुरुवात केली. पांढरा वेगळा, पिवळा वेगळा, ओला उन्हात. मी खाटेवर होते तेव्हा पडवीत तीन ढीग असायचे. मला वाटायचं जागा नाही म्हणून असतील. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन घरांनी तसंच केलं. तिथूनच तिला या धंद्याची ओढ लागली आणि तिथूनच ती त्या ऑफिसात गेली.

"हे कागदावर कुठेच नाही?" मी विचारलं.

"याला रकाना नव्हता," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग हेच सांग. आणि आणखी एक. सगळं विचारून झालं की तूही त्यांना विचार. नुसती उत्तरं देऊन उठू नकोस.

"काय विचारू?"

"तुला तिथे दोन वर्षं काढायची आहेत. तुला काय माहीत नाही ते विचार."

मुलाखतीच्या दिवशी हे मुद्दाम शेतात गेले. लेक आतल्या खोलीत, दार लोटून. मी ओट्यावर राखणीला बसले, कोंबड्या हाकलत. अक्का ताकाचा लोटा घेऊन आली.

"दारमा काबरं बठी राहिनी वं?"

मी तोंडावर बोट ठेवलं. तिने आतल्या दाराकडे बघून आवाज आणखी वाढवला, "कोन शे मजार?" मग मी तिला हाताला धरून शेजारी बसवलं आणि कानात खरं सांगितलं, की होकार आलाच नव्हता, तो आता ठरतो आहे. मला वाटलं आता ही अख्ख्या गावाला सांगेल. पण अक्का मग लोटा खाली ठेवून स्वतःच माझ्यासोबत राखणीला बसली. एक बाई हाक मारत आली तर अक्कानेच तिला हाताने परत पाठवलं.

आतलं इंग्रजी मला कळत नव्हतं. आवाज कळत होता. आधी बारीक होता, मी पदर मुठीत धरून बसले. मग 'मदर' ऐकू आलं. मग 'कॉटन' चार-पाच वेळा आलं. त्यानंतर समोरचा एक माणूस मराठीत काहीतरी बोलला आणि लेक मराठीत म्हणाली, "नाही सर, वरचा कापूस कोणीच बघत नाही." पलीकडची माणसं हसली. तिला हसली नाहीत, बोलणं आवडल्यावर हसतात तशी हसली. अक्काने मला कोपराने ढोसलं.

शेवटी लेकीने काहीतरी लांबलचक विचारलं. बाहेर आल्यावर सांगितलं, तिने विचारलं होतं की तुमच्याकडून शिकून शेतमालाच्या धंद्यात किती जण जातात. ते म्हणाले, खरं सांगायचं तर फार कमी, पण तुम्हाला जायचं असेल तर आम्ही मदत करू. तिला ते खरं उत्तर आवडलं होतं.

पंधरा-सोळा दिवसांनी प्रवेशाचं पत्र आलं. या वेळी तिने सगळं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं आणि मी ते दोनदा वाचायला लावलं. प्रवेश दिला आहे, असंच लिहिलं होतं. का दिला ते लिहिलेलं नव्हतं. मुलाखत दिली नसती तरी मिळाला असता का, हे आता कोणी सांगणार नाही. कदाचित ती आधीपासूनच चांगल्या मालाची गाडी असेल. लेक म्हणते, असू दे माय, मला हात घालून बघितलेलं बरं वाटतं.

गावाला परत पेढे काय म्हणून वाटायचे ते यांना सुचेना. अक्काने सोडवलं. म्हणाली, "आते बिबडा वाट. बठ्ठासले माहीतच शे का पोर पास व्हयी गयी." म्हणून मी नवे बिबडे तळले आणि घरोघर स्वतः देऊन आले. सगळ्यांना माहीतच होतं, कशाचे म्हणून कोणी विचारलं नाही.

जूनमध्ये लेक जाणार आहे. बाप सोबत जाणार असं ठरलं होतं. काल मी यांना सांगितलं की मीही येणार. यांना नवल वाटलं, कारण लग्नकार्य आणि दवाखाना सोडून मी कुठे गेलेली नाही. म्हणाले, "तू काय करशी तठे?"

मी म्हटलं, "बघणार."

वसतिगृहात कोणाला भेटायचं असतं ते लेकीला विचारून ठेवलं आहे. तिथे रेक्टर म्हणून एक बाई असतात. त्यांना विचारायचे तीन प्रश्न मी, हे सगळं लिहिते आहे त्या वहीच्या मागच्या पानावर काढले आहेत. पहिला पाण्याचा आहे, किती वाजता येतं आणि कोणत्या मजल्यापर्यंत चढतं. तो मीच विचारणार आहे. बाकीचे दोन आयत्या वेळी आवाज फुटला तर.